रानात राहूनही ताण का येतो, आणि झाडाखाली तो उतरतो कसा

निसर्गात वेळ घालवला की मनावरचा ताण कमी होतो, असं मराठवाड्यात कुणापुढे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: मग शेतकऱ्याला ताण कशाला यायला पाहिजे? तो तर जन्मभर रानातच आहे. माती, झाडं, मोकळं आभाळ, पाखरं, सगळं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की समोर. तरी रात्रभर कूस बदलत पडून राहणारी माणसं गावोगाव आहेत.

प्रश्न रास्त आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाऊ नये. त्याचं उत्तर शोधायला लागलं की निसर्ग मनावर नेमकं काय काम करतो, ते जास्त नीट कळतं. पण आधी ताण म्हणजे शरीरात काय घडतं, ते पाहावं लागेल.

समजा, दुपारी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना पायाजवळून सळसळत साप गेला. विचार करायच्या आत माणूस मागे उडी मारतो. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, अंगात कुठून तरी बळ येतं. मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग आहे. धोका जाणवला की पहिली हाक तो देतो. त्या हाकेसरशी मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात. काही मिनिटांत दुसरी फळी कामाला लागते. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्युटरी तो अधिवृक्क ग्रंथींना पोचवते, आणि कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. ते रक्तातली साखर वाढवतं, म्हणजे पळायला ताकद मिळते. पचन, शरीराची डागडुजी, प्रजनन असली सावकाश चालणारी कामं ते तात्पुरती मागे ढकलतं. साप निघून गेला की हेच कॉर्टिसॉल मेंदूला कळवतं की आता पुरे, आणि सगळं हळूहळू जागेवर येतं.

व्यवस्था उत्तम आहे. अडचण एवढीच की साप आणि बँकेची नोटीस यांत ती फारसा फरक करत नाही. शिवाय साप अर्ध्या मिनिटात जातो, लांबलेला पाऊस जात नाही. जूनमध्ये पेरणी, मग तीन आठवडे उघडीप, दुबार पेरणीची धास्ती, ऑगस्टात सोयाबीनवर पिवळा मोझॅक, काढणीच्या तोंडावर अतिवृष्टी, आणि माल घरात आला की पडलेला भाव. यातली प्रत्येक गोष्ट त्या यंत्रणेला सापासारखीच वाटते आणि दोन सापांमध्ये श्वास घ्यायला सवडच मिळत नाही. शेतातल्या मोटारीला आपण ऑटो लावून ठेवतो. लाईट रात्री दोनला आली तरी मोटार आपोआप सुरू होते, विहिरीत पाणी असो नसो. पाणी आटलेलं असलं तर ती कोरडी चालत राहते आणि शेवटी जळते. महिनोन् महिने काळजीत असलेल्या माणसाच्या शरीराचं असंच झालेलं असतं. झोप तुटक होते, रक्तदाब आणि साखर वर राहते, पित्त उसळतं, घरातल्यांवर विनाकारण आवाज चढतो, साध्या गोष्टी लक्षात राहत नाहीत.

हा ऑटो बंद कसा करायचा? ‘टेन्शन घेऊ नको’ असं सांगून तो बंद होत नाही. अमिग्डलाला समजूत घालता येत नाही. डोळे, कान, श्वास यांच्यामार्फत ‘आत्ता, या घडीला, इथे धोका नाही’ अशी खूण पोचावी लागते. मज्जासंस्थेत विसाव्याचं काम पाहणारी वेगळी बाजू असते. तिला वाव मिळाला की नाडी मंदावते, श्वास खोल जातो, तोंडाला पाणी सुटतं, पोट कामाला लागतं. वाऱ्यावर हलणारी पानं, वाहतं पाणी, लांबवर दिसणारं माळरान, निवांत चाललेला पाखरांचा कलकलाट हे त्या बाजूला वाव देतात, असं गेल्या चाळीसएक वर्षांतल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

त्यातला सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेतल्या रॉजर उलरिक यांचा. तो १९८४ साली प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका दवाखान्यात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या १९७२ ते १९८१ या काळातल्या नोंदी त्यांनी काढल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, काहींतून समोरच्या इमारतीची विटांची भिंत. वय, लिंग, धूम्रपान, वजन अशा गोष्टी जुळवून त्यांनी २३ जोड्या लावल्या. झाडं दिसणारे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. झाडवाल्यांनी तीव्र वेदनाशामक औषधं कमी घेतली आणि परिचारिकांच्या वहीत त्यांच्याबद्दल ‘रडतोय’, ‘फार धीर द्यावा लागतोय’ अशा नोंदी कमी होत्या. रुग्णसंख्या लहान होती, हे ध्यानात ठेवायला हवं. पण त्या खिडकीबाहेर काही घनदाट अरण्य नव्हतं. चार झाडं होती. मराठवाड्यासारख्या कमी जंगलाच्या मुलखात राहणाऱ्याने हा तपशील विसरू नये असं मला वाटतं.

आता लक्ष देण्याच्या शक्तीविषयी. सगळ्या विषयातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅप्लन हे पती-पत्नी मानसशास्त्रज्ञ. त्यांची मांडणी अशी की माणूस दोन तऱ्हेने लक्ष देतो. एक ओढून-ताणून दिलेलं लक्ष: सातबारा वाचताना, हिशेब जुळवताना, भौतिकशास्त्राचं गणित सोडवताना, गर्दीच्या चौकातून मोटारसायकल काढताना. यात एका गोष्टीवर मन टिकवायचं तर बाकीच्या दहा गोष्टी दाबून धराव्या लागतात आणि दाबून धरायची ही ताकद संपते. ती संपली की माणूस चिडतो, चुका करतो, घाईने निर्णय घेतो. दुसरं लक्ष आपोआप लागतं. त्याला जोर लावावा लागत नाही, म्हणून ते चालू असताना पहिली ताकद भरून येते.

हे दुसरं लक्ष कसं असतं ते पाहायचं असेल तर पावसाळ्यात एखाद्या विहिरीकाठच्या बाभळीखाली बसावं. पाण्यावर झुकलेल्या फांदीला सुगरणीचे खोपे लोंबत असतात. विणकर नर असतो, पिवळ्या डोक्याचा. तो उसाच्या किंवा गवताच्या पात्याला कडेला टोच मारतो, टोक चोचीत धरून उडतो, तशी लांबलचक चीर सुटून येते. ती घेऊन फांदीला लटकत तो गाठ घालतो, आतून बाहेर काढतो, पुन्हा आत ओवतो. खोपा अर्धा झाला, शिरस्त्राणासारखा दिसायला लागला की थांबतो आणि पंख फडफडवत ओरडतो. मादी येऊन आत बसते, इकडेतिकडे पाहते. पसंत पडलं तरच तो खालची नळी विणून खोपा पुरा करतो. नाही पडलं तर तो खोपा तसाच अर्धवट लोंबत राहतो आणि गडी दुसरा सुरू करतो. हे पाहताना पंधरा मिनिटं कशी जातात कळत नाही. पाहण्यासाठी आपण काही केलेलं नसतं. लक्ष लागलेलं असतं, पण कुणी ते मागितलेलं नसतं, आणि मधूनच घरच्या गोष्टीचा विचार आला तर त्यालाही जागा असते. मोबाइलवरची चित्रफीतही लक्ष खेचते, पण ती इतकं घट्ट धरते की मनाला इकडेतिकडे हलायला जागा उरत नाही. म्हणून तासभर मोबाइल पाहून उठलेला माणूस ताजा दिसत नाही.

कॅप्लन यांच्याच विद्यापीठात २००८ साली मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी ही मांडणी तपासली. लोकांना आकड्यांची रांग उलट क्रमाने म्हणायला लावली, मग त्याच लोकांना एका खेपेला झाडांच्या बागेतून आणि दुसऱ्या खेपेला शहराच्या रहदारीतून जवळपास तासभर चालायला पाठवलं, आणि दर खेपेला परत आल्यावर तीच चाचणी घेतली. बागेतून आल्यावर कामगिरी सुमारे २० टक्क्यांनी सुधारली, रहदारीतून आल्यावर तशी सुधारली नाही. गंमत म्हणजे जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत, चालणं अजिबात न आवडलेल्या लोकांनाही तेवढाच फायदा झाला. म्हणजे आनंद वाटलाच पाहिजे अशी अट नाही. ज्याचं मन कशातच लागत नाही त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. बळेच प्रसन्न व्हायची गरज नाही, जाऊन बसलं तरी पुष्कळ.

ताणाचा आणखी एक चेहरा म्हणजे तेच ते मनात घोळत राहणं. ‘त्या वेळी विकायला पाहिजे होतं’, ‘भावकीत तो असं का बोलला’, ‘पोरीच्या लग्नाचं कसं होणार’. विचार पुढे सरकत नाही, जागच्या जागी फिरतो. ही सवय नैराश्याची वाट सोपी करते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेगरी ब्रॅटमन यांनी २०१५ साली ३८ जणांवर अभ्यास केला. निम्मे नव्वद मिनिटं विद्यापीठाजवळच्या गवताळ माळावर चालले, निम्मे अनेक पदरी रहदारीच्या रस्त्याकडेने. माळावरून आलेल्यांनी असं घोळणं कमी झाल्याचं सांगितलं आणि मेंदूच्या चाचणीत या घोळण्याशी संबंधित पुढच्या भागाची हालचालही मंदावलेली दिसली. रस्त्याकडेने चाललेल्यांत हा बदल दिसला नाही. तो माळ म्हणजे वाळकं गवत, मध्ये मध्ये विखुरलेले ओक आणि झुडपं. आपल्या बालाघाटच्या पठारावरून जाताना दिसतं तेच, ओकच्या जागी बाभळी आणि लिंब, म्हणजे कडुलिंब. केरळ-कोकणासारखं हिरवंगार नाही म्हणून आपल्या माळाला कमी लेखणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

जर्मनीत बर्लिनच्या मॅक्स प्लांक संस्थेत २०२२ साली ६३ जणांना तासभर जंगलात किंवा गजबजलेल्या बाजारपेठेच्या रस्त्यावर चालवलं. जंगलातून आलेल्यांच्या अमिग्डलाची हालचाल कमी झाली. वर सापाच्या उदाहरणात पहिली हाक देणारा भाग तो हाच.

किती वेळ पुरे, हे लोक लगेच विचारतात. इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या माहितीवरून २०१९ साली असं दिसलं की आठवड्यात एकूण १२० मिनिटं निसर्गात घालवणारे लोक, अजिबात न जाणाऱ्यांपेक्षा, आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त सांगतात. ती दोन तास एका दमात असोत की तुकड्यातुकड्यांनी, फरक पडला नाही. अर्थात ज्यांची तब्येत मुळातच बरी तेच बाहेर पडत असतील, हीही शक्यता उरते. त्यामुळे १२० हा आकडा मंत्रासारखा पाठ करू नये. त्याच वर्षी मिशिगनमधल्या मेरीकॅरोल हंटर यांनी ३६ शहरी लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल आठ आठवडे मोजलं. बाहेर बसल्याचा किंवा चालल्याचा फायदा २० ते ३० मिनिटांत सर्वांत वेगाने मिळतो, त्यापुढेही मिळतो पण वेग मंदावतो, असं त्यांना आढळलं. त्या वेळात मोबाइल, वाचन, गप्पा आणि दमवणारा व्यायाम बंद होता. म्हणजे जोरजोरात हात हलवत, कानात गाणी लावून घातलेल्या चकरा व्यायाम म्हणून उत्तमच, पण मनाला विसावा हवा असेल तर त्यातली वीस मिनिटं तरी हळू चालत किंवा बसून घालवावीत.

हे सगळे अभ्यास आपल्यापेक्षा थंड मुलखातले आहेत, हे आपण लक्षात ठेवायचं. एप्रिल-मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा दुपारी बाहेर काढलेला अर्धा तास शरीरावर ताण वाढवतो, उतरवत नाही. उन्हाळ्यात पहाट आणि दिवस मावळल्यानंतरचा वेळ आपला. अंगणात किंवा गच्चीवर बाज टाकून आभाळ पाहणं हाही निसर्गातला वेळच आहे. जपानच्या वनखात्याने १९८२ साली ‘शिनरिन-योकु’, म्हणजे वनस्नान, ही कल्पना लोकांपुढे ठेवली. तिचं आता मोठं प्रस्थ आहे. पण त्यासाठी महागडी शिबिरं आणि सुगंधी तेलं विकत घ्यायचं काही कारण नाही.

आता शेतकऱ्याकडे येऊ.

कॅप्लन यांनी विसाव्याच्या जागेला एक अट घातली होती: रोजच्या जबाबदारीपासून मन तिथे सुटलं पाहिजे. पुण्या-मुंबईहून आलेला पाहुणा सोयाबीनच्या रानात उभा राहतो तेव्हा त्याला हिरवा रंग दिसतो. त्याच धुऱ्यावर उभ्या असलेल्या मालकाला पिवळं पडलेलं पान दिसतं, शेंगा पोखरणारी अळी दिसते, राहिलेली खुरपणी दिसते, मजुरीचा आकडा दिसतो. ढग आला तर पाहुणा फोटो काढतो आणि मालक मनात हिशेब करतो: आत्ता पडला तर बरं, पुढच्या आठवड्यात पडला तर वाटोळं. स्वतःचं रान हे त्याचं कार्यालय आहे आणि आभाळ हा त्याचा सावकार. तिथे लक्ष आपोआप लागत नाही, ते ओढून घेतलं जातं. म्हणून जन्मभर रानात राहूनही रानाचा विसावा त्याच्या वाट्याला येत नाही. निसर्ग निवांत करतो तो हिरवा आहे म्हणून नव्हे, तो आपल्याकडे काही मागत नाही तेव्हा. सुगरणीचा खोपा काही मागत नाही. कापसाचं शेत मागतं.

आपल्या जुन्या रीतींत याची जाण होती असं मला येळवस पाहून वाटतं. लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागात मार्गशीर्ष अमावस्येला, म्हणजे वेळ अमावस्येला, गावंच्या गावं रानात जातात. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी स्थानिक सुट्टी असते आणि शहराचे रस्ते दुपारी ओस पडतात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, तिच्यात पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा करतात. ‘ओलगे ओलगे’ म्हणत रानाला फेरी मारून आंबील शिंपडतात. मग मडक्यातली गार आंबील, बाजरीचे उंडे, तूर-वाटाणा-हरभरा-शेंगदाणे आणि पालेभाज्या घालून केलेली भज्जी, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी बोलावतंच. जेवणं झाली की बाया हरभऱ्याच्या कडेला बसतात, पोरं झोका बांधतात, म्हातारे कोपेच्या सावलीत आडवे होतात. रान तेच, पीक तेच, कर्जही तेच. पण त्या दिवशी खुरपं हातात घ्यायचं नसतं. रानात जायचं ते खायला, बसायला आणि पाहायला. वर्षातून एकदा ते रान मालकाकडे काही मागत नाही.

एवढंच वर्षभर, रोज थोडं जमवता येईल का, हा खरा प्रश्न. शेतकऱ्याने ताण उतरवायला आपल्याच पिकाच्या मधोमध जाऊन बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. धुऱ्यावरच्या लिंबाखाली बसावं, पण तोंड पिकाकडे करू नये, ओढ्याकडे करावं. किंवा गावाच्या पाझर तलावावर जावं. तिथलं पाणी कुणा एकाच्या हिशेबात नसतं. तारेवर बसलेला खंड्या एकदम सूर मारतो, मासा चोचीत आडवा धरून परत येतो आणि गिळायच्या आधी त्याला फांदीवर आपटतो. ढोकरी बगळा बराच वेळ हलत नाही. सोबत कुणी असेल तर त्या वीस मिनिटांत भावाचा आणि पीकविम्याचा विषय काढायचा नाही एवढं ठरवून घ्यावं. बाकी बोललं तरी चालेल.

बायकांचं वेगळं आहे. शेतात त्या पुरुषांइतक्याच, बहुतेक वेळा जास्त, राबतात. पण काम नसताना बाहेर बसायची मुभा त्यांना फार कमी. पाराला बसलेला पुरुष कुणाला खटकत नाही, बाई बसली की गाव विचारतं. नागपंचमीला लिंबाच्या, वडाच्या फांदीला झोके बांधले जात, तेव्हा मोठमोठ्या बायका उंच झोके घेत. त्या एका दिवसात उघड्यावर, झाडाखाली, बिनकामाचं राहता येई. आता झोक्याएवढी जाड फांदी असलेलं झाड कित्येक गावांत उरलेलं नाही. दोघी-तिघींनी मिळून संध्याकाळी मंदिराच्या आवारात किंवा तलावाच्या सांडव्याकडे चक्कर मारायची सवय लावली की विचारणारं गाव हळूहळू गप्प होतं. घरातल्या पुरुषांनी त्या वेळात चूल सांभाळली तर फारच बरं.

लातूरच्या शिकवण्यांसाठी गावोगावहून आलेली मुलं हा या भागातला दुसरा ताणलेला वर्ग. नीट आणि जेईई या प्रवेशपरीक्षांच्या तयारीत दिवसाचे दहा-बारा तास तेच ओढून-ताणून दिलेलं लक्ष वापरलं जातं. त्यात खोली एक, मुलं तिघं आणि खिडकीसमोर शेजारच्या वसतिगृहाची भिंत. दोन तासिकांच्या मधल्या वेळात मुलं मोबाइल पाहतात आणि दमलेली ताकद आणखी दमते. त्याऐवजी वीस मिनिटं जवळच्या झाडाखाली जाणं हा वेळेचा अपव्यय नाही. बर्मन यांच्या चाचणीत जी गोष्ट सुधारली ती नेमकी तीच आहे जी या मुलांना परीक्षेत लागते. वसतिगृहाच्या मालकांना चार कुंड्या आणि दारात एक करंजाचं झाड लावणं जड नाही. खोली घेताना पालकांनी पंख्याबरोबर खिडकीतून काय दिसतं तेही पाहावं.

जागांची यादी द्यायची तर मराठवाड्यात जंगल थोडं आहे, लातूर जिल्हा तर राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्यांपैकी. तरी किनवटची सागाची राई आहे, कन्नडजवळचं गौताळा अभयारण्य आहे, येडशीचा रामलिंग घाट आहे, बीड जिल्ह्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. पैठणला नाथसागर जलाशयावर हिवाळ्यात हिमालयापलीकडून पट्टकदंब हंस उतरतात. जमेल तेव्हा जावंच. पण ताणाच्या दृष्टीने वर्षातून एकदा गौताळ्याला जाण्यापेक्षा आठवड्यातून चारदा घराजवळच्या चिंचेखाली बसणं जास्त कामाचं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी २०२२ साली मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेल्या नोंदींत असं दिसलं की पाखरं दिसल्याने किंवा ऐकल्याने आलेलं बरं वाटणं काही तास टिकतं, आणि नैराश्य असलेल्यांनाही ते जाणवतं. साळुंकी, बुलबुल, होले, वेडे राघू यांच्यासाठी अभयारण्य लागत नाही.

एक गोष्ट मात्र खणखणीत सांगायला हवी. झाडाखाली बसल्याने कर्ज फिटत नाही, भाव मिळत नाही, विमा मंजूर होत नाही. शेतकऱ्याच्या ताणाची मुळं धोरणांत आणि बाजारात आहेत, आणि ‘जरा निसर्गात रमा’ हा त्यावरचा सल्ला म्हणून कुणी पुढे केला तर तो अपमान आहे. विसाव्याने एवढंच होतं की डोकं थोडं जागेवर येतं, झोप बरी लागते आणि पुढचा निर्णय घाईने होत नाही. तेही थोडं नाही. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, माणूस एकटा एकटा राहू लागला असेल, ‘माझ्यामुळे सगळ्यांना त्रास’, ‘मी नसलेलं बरं’ असं बोलू लागला असेल, तर त्याला तलावावर एकटं धाडू नका. सोबत राहा, कीटकनाशकाचे डबे कुलपात घाला आणि त्याला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात घेऊन जा. टेलि-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलते. शेजाऱ्यानेही फोन केला तरी चालतो.

आणि जे सगळ्यांनी मिळून करायचं ते असं. रस्ते रुंद होताना या भागातले जुने वड, लिंब, चिंचा हजारोंनी गेल्या. नवी रोपं लावल्याचे फोटो निघाले, पण झोका पेलणारी फांदी यायला तीसएक वर्षं लागतात. बीडजवळ पालवणच्या उघड्या डोंगरावर सह्याद्री देवराई या संस्थेने झाडं उभी केली, फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे वृक्षसंमेलनही भरलं. उजाड डोंगर पुन्हा सावलीत येऊ शकतो हे तिथे जाऊन पाहता येतं. गावात मात्र आधी आहे ते झाड वाचवणं सोपं आणि स्वस्त. पार बांधताना आणि आवारात गट्टू, म्हणजे फरशीचे सिमेंटी ठोकळे, बसवताना सिमेंट थेट बुंध्याला भिडवतात. मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही, दहा-पंधरा वर्षांत झाड शेंड्याकडून वाळायला लागतं, मग ‘धोकादायक’ म्हणून तोडलं जातं. बुंध्याभोवती सगळीकडून किमान तीन-चार फूट माती उघडी ठेवायची, एवढं एक वाक्य कामाच्या अंदाजपत्रकात लिहून घेतलं तरी पुष्कळ. ठेकेदार काम सुरू करण्याआधी हे ग्रामसभेत मांडावं लागतं. गट्टू बसल्यावर ते उचकटायला कुणी तयार होत नाही.